मुंगी चावणार नाहीये, सुई टोचणार आहे

सिस्टर, एक विचारू का? : वाचकांची पत्रं आणि एका रिटायर्ड सिस्टरची उत्तरं

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की घरात कुणाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे आणि त्याला हॉस्पिटलात ॲडमिट करायची वेळ आली असेल तर कळवा काय झालं ते. पत्रं येतील दोन-चार असं वाटलं होतं, पण ढीग आलाय. सगळी छापणं शक्य नाही, सात घेतलीयेत, नावं काढलीयेत. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. ३३ वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते, त्यातली निम्मी लहान मुलांच्या वॉर्डात गेली. तेव्हा गोळीचा डोस वगैरे मला विचारू नका, वॉर्डात काय घडतं आणि त्यात काय करता येतं तेवढं सांगू शकते.

सिस्टर, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. बोलतो पण मोजकंच, पाणी, घरी, बंद कर, असं. हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. मागच्या वर्षी डेंग्यूची टेस्ट करायची होती तेव्हा चौघांनी धरून रक्त काढलं, तेव्हापासून दवाखान्याचा बोर्ड दिसला की गाडीतून उतरत नाही. ऑपरेशन पुढे ढकलू का?
— एक आई, सांगली जिल्हा

ताई, पुढे ढकलायचं का ते सर्जनना विचारा, पण भीतीपोटी ढकलू नका. हर्निया अडकला तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पळायची पाळी येते आणि तिथे तुमच्या मुलाची ओळख करून घ्यायला कुणालाच वेळ नसतो.

आता माझी एक चूक सांगते. १९९६-९७ साल असेल, सात वर्षांचा एक मुलगा होता वॉर्डात, केसपेपरवर नुसतं एमआर, म्हणजे मतिमंद, लिहिलेलं. ऑटिझम हा शब्द तेव्हा आमच्यात कुणाच्या तोंडी नव्हता, १९९५ च्या अपंग कायद्यात पण नव्हता, १९९९ च्या नॅशनल ट्रस्टच्या (अशा मुलामाणसांसाठीची सरकारी संस्था) कायद्यात आला आणि मग २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत. तर मी सुई घेतली आणि सवयीने म्हणाले, काही नाही रे सोन्या, मुंगी चावेल फक्त. पोरगं एरवी गप्प पडून असायचं ते ताडकन उठलं आणि चादर वर करून बघायला लागलं, गादीखाली बघितलं, मग माझ्या खिशात हात घालून बघितलं. सलाईन लागलं, फार रडला पण नाही, पण रात्रभर झोपला नाही, पायावर पाय घासत मुंग्या झटकत बसला. पहाटे त्याची आई मला विचारते, सिस्टर, वॉर्डात मुंग्या झाल्यात का हो?

तेव्हापासून ते वाक्य सोडलं. आपल्याकडे माया म्हटलं की गाल ओढायचे, डोक्यावरून हात फिरवायचा, सोन्या-राजा करायचं आणि अडलं की गोड खोटं बोलायचं. ह्या मुलांना हे बरेचदा सोसत नाही. हलका हात फिरवला तर काहींना ओरबाडल्यासारखं होतं, त्यापेक्षा घट्ट धरलेला हात चालतो. खोटं एकदा पकडलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही थर्मामीटर घेऊन गेलात तरी तो हात लावू देत नाही. खरं सांगायचं, आधी सांगायचं, आणि जे सांगितलं त्याच क्रमाने करायचं, बास. सुई टोचणार, दुखणार, मी दहा म्हणेपर्यंत, मग संपलं. आणि दहा म्हणजे दहाच हां, शीर सापडली नाही म्हणून अकरा-बारा करत बसायचं नाही, थांबायचं, त्याला सांगायचं की सुई काढली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्यासाठी काय, तर ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी एकट्याच जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणा. गेट, लिफ्ट, कॉट, सलाईनचा स्टँड, ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, टोपी आणि हिरवे कपडे घातलेलं कुणीतरी, शेवटचा फोटो घराच्या दाराचा. रोज रात्री त्याच क्रमाने दाखवा. घराचा फोटो विसरू नका, परत जायचंय हे त्याला शब्दांत कळेलच असं नाही. जमलं तर आदल्या दिवशी त्याला नेऊन नुसतं कॉटवर बसवून परत आणा, कुणी हात लावायचा नाही. इन्चार्ज सिस्टरला विनंती केलीत तर बहुतेक ठिकाणी करू देतात, मी तरी करू दिलं असतं.

सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी आधीच बोला. पहिली, लिस्टमध्ये पहिला नंबर द्या. उपाशी ठेवायचं म्हणजे जेवणखाण साधारण ६ तास आणि पाण्यासारखं पातळ २ तास आधीपर्यंत चालतं, पण सातव्या नंबरवर असलेलं पोर दुपारपर्यंत कोरडं राहतं आणि एनबीएमची, म्हणजे तोंडातून काही द्यायचं नाही अशी, पाटी काही त्याला वाचता येत नाही. दुसरी, हात बधिर करायचं मलम मिळतं, लिग्नोकेन-प्रायलोकेनचं, सुईच्या आधी तासभर लावून वर पारदर्शक पट्टी लावायची. स्वस्त आहे, पण कुणी आठवणच करत नाही, तुम्ही करा. ती पट्टी मात्र घरी एकदा लावून बघा, काही मुलांना सुईपेक्षा चिकटपट्टी ओढलेली जास्त झोंबते. तिसरी, ओटीत न्यायच्या आधी गुंगीचं तोंडातून किंवा नाकातून देता येतं का ते विचारा, आणि शुद्धीवर येताना तुम्ही शेजारी असाल हे कबूल करून घ्या. जाग आल्यावर पहिला चेहरा ओळखीचा पाहिजे. फिटची गोळी चालू असेल तर त्या दिवशी सकाळची द्यायची का हे भूलवाल्या डॉक्टरांनाच विचारा, बरेचदा घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगतात, उपास म्हणून आपणच चुकवायची नाही.

अजून एक, गोळी कुटून त्याच्या आवडत्या खाण्यात लपवू नका. तो दहीभातच खात असेल आणि एकदा दह्यात कडू लागलं तर दहीभातही जाईल आणि मग खाणार काय?

माझी मुलगी १५ वर्षांची, अजिबात बोलत नाही. दुखतंय हे कधी सांगतच नाही. पडून गुडघा फुटला तरी हसत असते. कसं ओळखायचं?
— वडील, अकोला

दादा, सांगते ती, आपल्याला ऐकू येत नाही. रिटायर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट, नऊ वर्षांचा मुलगा न्यूमोनिया म्हणून ॲडमिट. ताप उतरला आणि दुसऱ्या रात्री हा कॉटवर उड्या मारायला लागला, मध्येच कठड्यावर पोट दाबून उभा राहायचा, पुन्हा उड्या. बाकीच्या आया वैतागल्या. रेसिडेंट डॉक्टर बिचारा ३० तास जागा होता, त्याने बघितलं आणि लिहिलं, बिहेवियरल, ऑटिझममुळे. आई सारखी एकच म्हणत होती, हा असं कधी करत नाही हो. मी पण पहिल्यांदा तिला, होतं असं, नवी जागा आहे, म्हणून गप्प केलं. मग चार्ट भरताना बघते तर लघवीचा रकाना सकाळपासून रिकामा. १६ तास! पोटावर हात ठेवला तर मूत्राशय नारळासारखं टणक. संडासात नेलं तर दारातूनच कानावर हात ठेवून मागे पळाला. आत एक्झॉस्ट फॅन होता, जुना, घर्रर करणारा, आम्हाला इतक्या वर्षांत तो ऐकूच यायचा बंद झाला होता. फॅन बंद केला, आई आत उभी राहिली आणि पोरगं मोकळं झालं. येऊन झोपलं सरळ.

ऑटिझम हा शब्द केसपेपरवर आला की बाकी सगळी दुखणी त्याच्या मागे दडतात. डोकं आपटतोय, ऑटिझम. जेवत नाही, ऑटिझम. अहो, दाढ किडली असेल, कान फुटला असेल, आठ दिवस शौचाला झालं नसेल, बद्धकोष्ठ तर ह्या मुलांत फार असतं. म्हणून माझा नियम एकच झाला होता, वागणं अचानक बदललं की आधी दुखणं शोधायचं, दात, कान, पोट, लघवी, आणि ते सगळं बघून झाल्यावरच वागण्याला नाव ठेवायचं.

मुलांचं दुखणं मोजायला फ्लॅक नावाची पट्टी असते, चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का, प्रत्येकाला ० ते २, असे दहापैकी मार्क. तिची एक सुधारलेली आवृत्ती आहे, त्यात आईबापांना विचारून त्या मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहून घेतात. तुम्ही हॉस्पिटलची वाट बघू नका, आजच वहीत लिहा. खूप दुखतं तेव्हा ती हसते, हे तर तुम्ही मला एका ओळीत सांगितलंतच की, ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर ॲपेंडिक्स होऊन हसत बसेल आणि लोक म्हणतील बघा किती आनंदी आहे.

सिस्टर, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दोन वर्षांपूर्वी जॉइन झाले, प्रायव्हेटला आहे. गेल्या महिन्यात नाइटला १४ पेशंट आणि मी एकटी, त्यात १९-२० वर्षांचा ऑटिझमवाला मुलगा, पाय फ्रॅक्चर. रात्री बाराला आरडाओरडा सुरू, सलाईन उपटलं, धरायला गेले तर दंडाला चावला. शेवटी वॉर्डबॉयना बोलावून हात बांधले, डॉक्टरांनी फोनवर इंजेक्शन सांगितलं. सकाळी मला खूप रडू आलं, माझं काय चुकलं तेच कळत नाहीये.
— एक स्टाफ नर्स, नाशिक

बाळा, आधी तुझा दंड. साबण लावून भरपूर पाण्याने धुतलंस ना? रजिस्टरला नोंद केलीस का? कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखव आणि हेपॅटायटिस बीचे डोस पूर्ण आहेत का बघ. पेशंटने मारलं-चावलं तर आपल्यात लाजून लपवायची पद्धत आहे, ती मोड.

आणि १४ पेशंटला एक सिस्टर ही तुझी चूक नाही. नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तिघांमागे एक आणि साध्या हॉस्पिटलात पाचांमागे एक असा आहे, तो कुठल्या वॉर्डात पाळतात मला दाखव, मी नारळ घेऊन येते.

पण त्या रात्रीचं बोलू. बाराला सुरू झालं असं तू लिहितेस, ते बाराला सुरू झालेलं नसणार. संध्याकाळपासून एकच वाक्य परत परत म्हणत असेल, कानावर हात ठेवत असेल, बोटं नाचवणं वाढलं असेल. शेजारच्या कॉटचा मॉनिटर टूं टूं करत असेल, डोक्यावर ट्यूबलाइट फडफडत असेल, भेटायला दहा माणसं येऊन गेली असतील, आणि बाप म्हणत असेल गप्प बस, लोक बघतायत. सगळं साठत जातं आणि मग भांडं उतू जातं. तो हट्ट करत नसतो. हट्टी मूल मध्येच डोळा उघडून बघतं की आई बघतेय का, ह्याला कोण बघतंय त्याचं भानच नसतं.

अशा वेळी आपण माणसं बोलावतो. माझं अनुभवाचं म्हणणं, माणसं घालव. एकच जण थांबा, ज्याला तो ओळखतो. दिवा मालव, मॉनिटरचा आवाज कमी कर, पडदा ओढ, तू खाली स्टुलावर बस, दाराकडची वाट मोकळी ठेव आणि बोलू नकोस. हे सगळ्यात अवघड, आपलं तोंड चालूच असतं, शांत हो शांत हो, अरे काय झालं, पाणी देऊ का, एका मिनिटात सहा प्रश्न. एकच प्रश्न विचार, मनात दहा मोज, मग वाटलं तर तेच शब्द पुन्हा, वेगळ्या शब्दांत नको, तो पहिल्याचंच उत्तर शोधत असतो तेवढ्यात आपण दुसरं टाकतो. हात हलवत असेल, झुलत असेल तर हलू दे, तो स्वतःला सावरतोय, ते हात धरलेस की संपलं.

बांधणं. जीव जायची वेळ असेल, नळी उपटून रक्त जात असेल तर धरावं लागतं, मी पण धरलंय, खोटं कशाला बोलू. पण मनोरुग्णालयांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सुद्धा एवढं बजावलंय की दुसरा उपाय उरला नसेल तेव्हाच, लागेल तेवढाच वेळ, आणि शिक्षा म्हणून कधीच नाही, मग जनरल वॉर्डात आपण पट्टी काढून लगेच कॉटला बांधतो ते कुठल्या नियमात? आणि फोनवरच्या इंजेक्शनचं म्हणशील तर इंग्लंडमधली एक गोष्ट तुला माहीत असू दे. ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा १८ वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा, २०१६ मध्ये ब्रिस्टलला फिट येतात म्हणून ॲडमिट झाला. मानसिक आजारावरची ती औषधं त्याला आधी बाधली होती, त्याने स्वतः सांगितलं, आईवडिलांनी सांगितलं, तरी त्यातलंच ओलान्झापिन दिलं, त्याची भयंकर रिॲक्शन आली आणि मुलगा गेला. आईने पाठपुरावा केला आणि २०२२ च्या कायद्याने तिथल्या दवाखान्यांना आणि केअर होमना सगळ्या स्टाफला ह्या विषयाचं ट्रेनिंग देणं बंधनकारक झालं, त्याच मुलाच्या नावाचं ट्रेनिंग आहे. आपल्याकडे असं काही व्हायची वाट बघू नकोस, ॲडमिशनच्या वेळी विचार, आधी कुठलं औषध बाधलंय, आणि केसपेपरवर लाल पेनाने लिही.

ॲडमिट करताना दहा मिनिटं जास्त दे. काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरायच्या आधी काय करतो, लघवीला जायचं कसं सांगतो, चार ओळी लिहून फाइलला वर टाच आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हरला वाचून दाखव. कोपऱ्यातली कॉट दे, नर्सिंग स्टेशनसमोरची नको. मनगटावरचा पट्टा ओरबाडत असेल तर पायात बांध. सलाईन आवश्यक नसेल तेव्हा शिरेतली कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) काढायला डॉक्टरांच्या मागे लाग, आणि आहे तोवर रोलर बँडेज गुंडाळून नजरेआड कर. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही, तुलाही शिकवलं नसणार, रडू आलं ते चांगलंच झालं, पण आता पुढच्या नाइटला कामाला लाग.

तुमचे सल्ले वाचून हसू येतं. जनरल वॉर्डात ४० पेशंट, फरशीवर गाद्या, आणि तुम्ही म्हणता एकाला कोपऱ्यातली कॉट, दिवे बंद, पहिला नंबर. मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?
— एक वाचक, ठाणे

काही पाप केलेलं नाही. पण पायाला प्लॅस्टर असलेल्याला आपण खालच्या मजल्यावर बेड देतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे भांडायला येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं २५ वं कलम आहे, त्यात सरकारी आणि प्रायव्हेट दोन्ही हॉस्पिटलांत अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणी-उपचारात प्राधान्य द्यायचं सरकारवर टाकलंय. अडथळा म्हणजे फक्त पायरी असं थोडंच आहे, एक्झॉस्ट फॅन पण अडथळाच. आणि फरशीवरच्या गाद्यांचं म्हणाल तर मी त्या फरशीवर ३३ वर्षं चाललेय. एक पोर रात्रभर ओरडलं तर ४० जण जागतात. दिवा बंद करायला पैसे पडत नाहीत.

मी २६ वर्षांची आहे, आयटीत नोकरी करते, एकटी राहते. मला ऑटिझम आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळलं. ताप आला म्हणून ॲडमिट झाले होते, सिस्टरने विचारलं दहापैकी किती दुखतंय, मी विचार करत बसले कारण दहा म्हणजे काय ते मला ठरवता येईना, तर त्या म्हणाल्या शिकलेल्या दिसताय, एवढं सांगता येत नाही का? मी सांगायला हवं होतं का मला ऑटिझम आहे म्हणून? सांगितलं की लोक म्हणतात तसं वाटत नाही तुझ्याकडे बघून.
— पुणे

तुझं पत्र वाचून मी जरा गप्पच बसले. कारण त्या सिस्टरच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि टी रूममध्ये जाऊन नखरे बघा एकेकीचे असंही म्हणाले असते. स्वमग्नता हा आपला शब्द पण तसाच आहे, ऐकलं की डोळ्यासमोर कोपऱ्यात झुलणारं मूल येतं, तुझ्यासारखी मीटिंगा घेणारी बाई येतच नाही. मुलींचं तर उशिराच लक्षात येतं, लहानपणापासून दुसऱ्या मुली कशा बोलतात ते बघून बघून तसं वागायला शिकतात, आणि १०२ ताप असला की ते वागणं सांभाळायला ताकद उरत नाही.

सांगावंस असं मला वाटतं, पण शब्द सांगून थांबू नकोस, सोबत काय हवं ते सांग. ऑटिझम म्हटल्यावर सिस्टरला काय करायचं ते कळत नाही, पण मला ट्यूबलाइटचा त्रास होतो, प्रश्न एकेक करून विचारा, हात लावायच्या आधी सांगा, दुखणं आकड्यात नाही सांगता येत, हे कळतं. पाच ओळी मोबाइलमध्ये मराठीत लिहून ठेव आणि बोलणं जमत नसेल तेव्हा स्क्रीन समोर धर. दुखण्याचं असं सांग, झोप लागत नाही एवढं, कूस वळवता येत नाही एवढं, कालपेक्षा जास्त. कुठल्याही सिस्टरला ह्यातून आकड्यापेक्षा जास्त कळतं, खरं सांगते. इअरफोन घालून पडून राहिलीस तर कुणी उद्धट म्हणेल, म्हणू दे.

मुलगा १८ पूर्ण झाला. डोळ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलवाले म्हणतात संमतीची सही कोण करणार, तो की तुम्ही? शिवाय विमा कंपन्या ऑटिझम म्हटलं की नकार देतात.
— आई-वडील, नागपूर

सहीचं आधी. १८ नंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना ऑपरेशनच्या टेबलाशीच कळतं. नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते, कलेक्टर अध्यक्ष, तिथे पालकत्वाचा अर्ज करायचा. जीवावरचं असेल तर डॉक्टर कागदासाठी थांबत नाहीत, पण तुमचं ठरवून करायचं ऑपरेशन आहे तर आत्ताच अर्ज टाका. आणि कागद तुमच्या नावाचा झाला तरी मुलाला सांगायचं सोडू नका, कुठला डोळा, किती दिवस पट्टी. त्याची मान हलली तर तीही संमतीच.

विम्यासाठी नॅशनल ट्रस्टचीच निरामय योजना बघा, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट मागत नाहीत, ओपीडी आणि थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागेल, ते देताना ऑटिझमसाठी ४० प्रश्नांची इसा नावाची भारतीय पट्टी लावतात. बिलं जपून ठेवा, झेरॉक्स नाही, ओरिजिनल.

मी हॉस्पिटलात मावशी म्हणून आहे, मासिक मुलगी वाचून दाखवते. आमच्या वॉर्डात एक असं पोर आहे, मी पोछा मारायला आले की किंचाळतं. दुसरी मावशी आली तरी किंचाळतं. सिस्टर मला ओरडतात. मला त्याच्याजवळ जायची आता भीती वाटते. मला कुणी काही शिकवत नाही, तुम्ही सांगा.
— वॉर्डातली मावशी, सोलापूर

मावशी, सगळ्या पत्रांत मला तुमचं आवडलं. दुसरी आली तरी किंचाळतं हे तुमच्या लक्षात आलं, ते डॉक्टरांच्या राउंडमध्ये कुणाच्या आलं नसतं. म्हणजे तुमचा राग नाहीये त्याला. एक तर फिनेलचा वास असेल, आपलं नाक मेलंय पण त्याला तो मिरची फोडणीला टाकल्यासारखा लागत असेल. नाहीतर आवाज. बादली फरशीवर ठेवताना पत्र्याची कडी खाडकन पडते ना, ती.

असं करून बघा. त्याला एक्सरेला किंवा ड्रेसिंगला नेतात तेवढ्यात त्याची बाजू पुसून घ्या, फिनेल तिथे साधं पाणी घालून पातळ करता येतं का ते इन्चार्ज सिस्टरला विचारा, तुमच्या मनाने करू नका, इन्फेक्शनचा प्रश्न असतो. तो कॉटवरच असेल तर लांबून, कॉटच्या पायाशी उभं राहून त्याला पोछा दाखवा आणि म्हणा, आता पुसणार, मग जाणार. रोज हेच, ह्याच शब्दांत. तोंडाकडे बघितलं नाही तरी ऐकत असतो. त्याला ते पाठ झालं की कदाचित तोच तुमच्या आधी म्हणेल. आणि बादलीच्या कडीला जुनं फडकं गुंडाळून दोऱ्याने बांधून टाका, आजच.